हीलियम-निऑन लेझर बदलणे आणि बीम पुन्हा रेषेवर आणणे : क्रमवार कृती

लेझर काढून दुसरा बसवायला तासभर पुरतो. तरीही कित्येक लॅबमध्ये या कामात आठवडा जातो, आणि कारण जवळजवळ नेहमी तेच असतं. जुना लेझर आधी निघतो, आणि बीम नेमका कुठून जात होता हा प्रश्न नंतर पडतो. नव्या लेझरचा बीम तिरका गेला की त्याच्यामागे एकेक आरसा, लेन्स, बीम-स्प्लिटर (बीमचे दोन भाग करणारी काच) फिरवला जातो. फ्रिंज (उजेड-काळोखाचे पट्टे) शेवटी दिसतात, पण मागच्या महिन्यातल्या मोजमापाशी काही जुळत नाही, कारण तेव्हाचा सेटअप आता उरलेलाच नसतो.

नवा बीम जुन्या रेषेवर आणायचा असतो. जुनी रेषा नव्या बीमपाशी न्यायची नसते. आणि ती रेषा दाखवणारी एकच गोष्ट टेबलावर असते: जुना बीम. तो कितीही मंद झालेला असो, दिसतोय तोवर त्याच्याकडून खुणा करून घ्या.

इथे गृहीत धरलेला सेटअप असा: ६३२.८ नॅनोमीटरचा, २ ते ५ मिलिवॉटचा, ध्रुवित (प्रकाशलहरी एकाच दिशेत कंप पावणारा) हीलियम-निऑन लेझर, गोल नळकांड्यासारखं हेड (आत लेझरची काचेची नळी), वेगळा हाय-व्होल्टेज सप्लाय. लेझरपुढे दिशा देणारे दोन आरसे, मग १०एक्स ऑब्जेक्टिव्ह (प्रकाश एका बिंदूत आणणारी लेन्स) आणि २५ मायक्रॉनचं पिनहोल (बारीक भोक) असलेला, बीम स्वच्छ करणारा स्पेशियल फिल्टर, ३०० मिमीची कोलिमेटिंग (किरण समांतर करणारी) लेन्स, आणि पुढे काचेच्या पृष्ठभागांचा सपाटपणा तपासणारा ट्वायमन-ग्रीन इंटरफेरोमीटर. त्यात बीमच्या दोन फांद्या होतात: एक संदर्भ आरशाकडे, दुसरी तपासायच्या काचेकडे. रबाळे, महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑप्टिक्सच्या कारखान्यांत आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये थोड्याफार फरकाने हीच मांडणी असते.

१. आधी खात्री करा, लेझरच गेलाय का?

पॉवर कमी झाली म्हणजे लेझर संपला, असं नाही. पॉवर मीटर थेट लेझरच्या तोंडाशी धरा. तिथला आकडा जुन्या नोंदीइतकाच असेल तर दोष पुढे कुठेतरी आहे. बहुधा पहिल्या आरशावर धूळ किंवा खाडीच्या दमट, खारट हवेने आलेला पापुद्रा असतो. तोंडाशीच आकडा पडला असेल तर पुढची पायरी.

लेझर पेटतो-विझतो, पेटतो-विझतो असं करत असेल तर नळी आणि सप्लाय दोघांवरही संशय घ्या. तेवढ्याच करंटचा, चांगला माहीत असलेला सप्लाय लावून बघा. तरीही तेच होत असेल तर नळी गेली. नळीतला उजेड दिसण्याची सोय असेल तर त्याचा रंगही बोलतो: निरोगी नळी गुलाबीसर नारिंगी दिसते, निळसर-जांभळट किंवा फिकट पांढुरका उजेड म्हणजे आत हवा शिरली.

तपासणी: मीटरवर तरंगलांबी ६३३ लावली आहे ना? आधी कुणी हिरव्या लेझरसाठी ५३२ लावून तसंच ठेवलं असेल तर साधा सिलिकॉन सेन्सर लाल बीम आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मग जुनी नळी ठणठणीत वाटते आणि योग्य आकडा लावल्यावर नवी नळी आजारी.

२. जमवाजमव

काम सुरू केल्यावर एखादी वस्तू शोधायला उठावं लागलं की टेबलाला धक्का लागतोच. म्हणून हे सगळं आधी जवळ हवं:

दोन आयरिस (भोक लहान-मोठं करता येणारे गोल पडदे), पोस्ट म्हणजे खांब आणि बेससकट. दोन पोस्ट-कॉलर, म्हणजे पोस्टची उंची पक्की धरणारी कडी. फोटोडायोडचा पॉवर मीटर. फिरणारा पोलरायझर (एकाच दिशेचं ध्रुवण जाऊ देणारा), अंशांच्या खुणा असलेला. पांढरी जाड कार्डं, एकावर बारीक फुली काढलेली. स्टीलची पट्टी किंवा हाइट गेज. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, लेन्स टिश्यू, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबरी ब्लोअर. पेन्सिल, मास्किंग टेप, मोबाइलचा कॅमेरा.

आणि ॲलन की, म्हणजे षटकोनी खाचेच्या बोल्टची चावी. इथे एक सापळा आहे. मेट्रिक टेबलाची भोकं एम-६ची, २५ मिमी अंतरावर. अमेरिकी टेबलाची पाव इंची, एक इंच अंतरावर. दोन्ही बोल्ट एका डब्यात पडले की ओळखू येत नाहीत. एम-६ बोल्ट पाव इंची भोकात दोन-तीन आटे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की टेबलाचे आटे जातात. तीन-सोळांश इंची की एम-६च्या डोक्यात बसते खरी, पण सैल, आणि षटकोन घासून गोल होतो. डबे वेगळे करा. हे पाच मिनिटांचं काम कुणीच करत नाही.

सावधान: ५ मिलिवॉटपर्यंतचा दिसणारा बीम लेझर-सुरक्षेच्या वर्ग ३-आरमध्ये येतो. तो कातडीला काही करत नाही, डोळ्यात सरळ गेला तर मात्र इजा होऊ शकते. घड्याळ, अंगठी, बांगड्या, स्टीलचं कडं, गळ्यातलं चकचकीत ओळखपत्र काढून ठेवा. खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकताना डोळे बीमच्या उंचीवरून जातात; वाकण्याआधी शटर बंद. लेझर ५ मिलिवॉटच्या वरचा असेल तर तो वर्ग ३-बी, आणि त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

३. जुन्या बीमचा पंचनामा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एसी आदल्या रात्रीपासून चालू हवा, लेझर किमान एक तास. थंड लेझरच्या बीमवर केलेली खूण तासाभराने खोटी ठरते.

(क) पहिली आयरिस दुसऱ्या आरशाच्या लगेच पुढे लावा, दुसरी ऑब्जेक्टिव्हच्या अगदी अलीकडे. दोघींत जितकं अंतर मिळेल तितकं घ्या, ३०० मिमीपेक्षा कमी नको. दोन्ही १ मिमीपर्यंत मिटवा आणि बीम मधोमध येईपर्यंत आयरिस सरकवा. आयरिस हलवायची, बीम नाही. मागे कार्ड धरलं की आयरिसच्या कडेला घासून जाणारा उजेड दिसतो. तो चारही बाजूंनी सारखा झाला की कॉलर आवळा, बेसचे दोन्ही बोल्ट घट्ट करा, आणि बेसभोवती टेबलावर पेन्सिलने रेघ मारा.

बोल्ट आवळताना पोस्ट फिरते. दुसऱ्या हाताने ती धरून ठेवा आणि आवळल्यावर पुन्हा बघा. दहापैकी आठ वेळा थोडी सरकलेली असते.

(ख) कोलिमेटिंग लेन्सच्या समोर कार्ड लावा. पिनहोलमधून आलेला उजेड तिथे मोठं वर्तुळ करतो. त्याचा सगळ्यात तेजस्वी गाभा लेन्सच्या मध्याच्या तुलनेत कुठे आहे, ते कार्डावर खुणेने टिपा आणि फोटो काढा. ही खूण पुढे सोन्याच्या मोलाची ठरते.

(ग) पॉवर चार ठिकाणी मोजा: लेझरच्या तोंडाशी, दुसऱ्या आरशानंतर, पिनहोलनंतर, आणि संदर्भ आरशाकडे जाणाऱ्या फांदीत. नंतर उपयोग आकड्यांचा कमी आणि एकाचं दुसऱ्याशी असलेल्या प्रमाणाचा जास्त होतो, कारण नवा लेझर वेगळ्या पॉवरचा असणारच.

(घ) पोलरायझर लावून बीम सगळ्यात मंद होतो तो कोन टिपा.

(च) टेबलापासून बीमची उंची, लेझरच्या तोंडापासून पहिल्या आरशापर्यंतचं अंतर आणि तोंडाशी बीमचा व्यास लिहा.

(छ) मास्टर फ्लॅट (अत्यंत सपाट, प्रमाण मानलेली काच) लावून फ्रिंजचा फोटो घ्या. किती फ्रिंज, कुठल्या दिशेला, वाकलेल्या की सरळ. या लेझरवर एक फ्रिंज म्हणजे अर्धी तरंगलांबी, ३१६.४ नॅनोमीटर. काम संपल्यावर हाच फोटो तुमचा परीक्षक.

तपासणी: लेझर बंद न करता अर्ध्या तासाने परत या. बीम अजून दोन्ही आयरिसच्या मधोमध आहे? नसेल तर आयरिस, लेझर किंवा आरसा यांपैकी काहीतरी सैल आहे. ते आत्ताच शोधा. नंतर त्याचा दोष नव्या लेझरवर जाईल.

जुना लेझर पूर्ण मेला असेल आणि बीमच नसेल तर? मग पिनहोल आणि त्यापुढचं सगळं हाच तुमचा एकमेव साक्षीदार. आयरिस अंदाजाने, ऑब्जेक्टिव्हच्या मध्याच्या उंचीवर लावा आणि सातव्या-आठव्या टप्प्यात जास्त वेळ जाईल हे धरून चाला.

४. जुना काढणे

किल्ली फिरवून काढून खिशात टाका. भिंतीतला प्लग काढा, त्यावर ‘काम चालू’ची पट्टी लावा. पाच मिनिटं थांबा. मग हाय-व्होल्टेज कनेक्टर सोडवा आणि हेडकडच्या केबलच्या दोन पिना इन्सुलेशन असलेल्या तारेने एकमेकींना टेकवा.

सावधान: चालू लेझरमध्ये हजार-दोन हजार व्होल्ट असतात, पेटण्याच्या क्षणी ८ ते १० हजार. बंद केल्यावरही नळीत आणि केबलमध्ये थोडा चार्ज उरतो. त्या झटक्याने माणूस दचकतो, हात सुटतो आणि हेड फरशीवर. सप्लायचं झाकण उघडण्याचा तर विचारही नको. आतल्या कपॅसिटरचा मामला वेगळा आणि जिवावरचा आहे.

हेड एका हाताने खालून पेललेलं ठेवूनच क्लॅम्प सोडा. चार स्क्रूंच्या रिंगमध्ये हेड असेल तर फक्त वरचे दोन स्क्रू सैल करा. खालचे दोन हलवले नाहीत तर नव्या हेडची उंची निम्मी आपोआप जुळते, कारण बऱ्याच हेडचा बाहेरचा व्यास सारखाच असतो. केबलला धरून हेड उचलू नका. आरशांच्या नॉबना या टप्प्यात कुणीही हात लावणार नाही; चुकून लागू नये म्हणून त्यावर टेपचा तुकडा चिकटवा.

५. नवा लेझर, खोक्यातून टेबलापर्यंत

परदेशातून आलेला लेझर सहारच्या एअर कार्गोत किंवा न्हावाशेव्याच्या बंदरात आणि नंतर गोदामात काही दिवस पडून असतो. खोक्यावर धक्का दाखवणारं स्टिकर लाल झालं असेल तर उघडण्याआधी फोटो काढा. उघडल्यावर काढलेल्या फोटोला विमा कंपनी भीक घालत नाही.

आता पावसाळ्याचा मुद्दा. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा त्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. तुमची लॅब २२ अंशांवर. आतली प्लास्टिकची पिशवी शाबूत असेल आणि सिलिका जेलचा निळा किंवा नारिंगी रंग टिकून असेल तर पिशवी न उघडता रात्रभर लॅबमध्ये ठेवा. पण पिशवी फाटलेली असेल किंवा जेलचा रंग उडाला असेल तर ‘रात्रभर बंद ठेवा’ हा सल्ला उलटा पडतो: आत अडकलेली दमट हवा थंड होऊन काचेवरच पाणी सोडते. अशा वेळी खोकं एसीच्या खोलीत आणल्या आणल्या, हेड अजून कोमट असतानाच पिशवी उघडा, म्हणजे दमट हवा निघून जाईल.

लेबल वाचा, पावतीवर विसंबू नका. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

करंट: ६.५ मिलिअँपिअरच्या नळीला ५चा सप्लाय लावला तर ती लुकलुकते, उलट केलं तर आयुष्य घटतं. सप्लाय शक्यतो नळीच्याच जोडीचा घ्या. कनेक्टर बदलून जोडणी स्वतः करत असाल तर धन-ऋण दोनदा तपासा. उलट्या जोडणीने नळी कायमची खराब होते.

ध्रुवण: ‘रँडम’ लिहिलेली नळी स्वस्त मिळते आणि दिसायला तशीच असते. तिच्यातून एकमेकांशी काटकोनात असलेली दोन ध्रुवणं निघतात आणि नळी तापताना त्यांच्यातलं प्रमाण बदलत राहतं. नुसता मीटर लावला तर सगळं ठीक दिसतं. ध्रुवणावर चालणारा बीम-स्प्लिटर पुढे असेल तर फांद्यांमधली पॉवर वरखाली डोलते. मग लोक सप्लायला, महावितरणला, एसीला दोष देत बसतात.

तरंगलांबी: ‘लाल तो लाल’ म्हणून ६३५ किंवा ६५० नॅनोमीटरचं डायोड मॉड्यूल बसवू नका. फ्रिंजची मोजपट्टीच बदलते, शिवाय साध्या डायोडची सुसंगतता लांबी इतकी कमी असते की दोन फांद्यांच्या लांबीत थोडा फरक पडताच फ्रिंज गायब. साध्या हीलियम-निऑनला २०-३० सेंटिमीटरपर्यंत सवड असते.

लेझर आधी सेटअपबाहेर, वेगळ्या जागी अर्धा तास चालवा. पॉवर, ठिपक्याचा आकार आणि ध्रुवणाचा कोन लिहा. ठिपका गोल आणि एकसंध हवा. तापताना पॉवर काही टक्के वरखाली होणं हे नळीच्या लांबीतल्या सूक्ष्म बदलामुळे असतं, तो दोष नव्हे. अर्ध्या तासानंतरही ती मोठ्या फरकाने उसळत असेल तर नळी परत पाठवा. टेबलावर चढवून, दोन दिवस अलाइन करून मग परत पाठवण्यापेक्षा हे बरं.

६. बसवणे

क्रम असा: उंची, मग दिशा, मग ध्रुवण, आणि सगळ्यात शेवटी घट्ट करणं.

हेड रिंगमध्ये सरकवा, तोंड ते पहिला आरसा हे अंतर जुन्याइतकं ठेवा. दोन्ही आयरिस पूर्ण उघड्या. बीम पहिल्या आरशाच्या मध्यापासून १ मिमीच्या आत आणि तिथून दुसऱ्या आरशाच्या मध्याजवळ पडला पाहिजे, तेही आरशांचे नॉब न हलवता. त्यासाठी लागणारी सगळी हालचाल लेझरच्या रिंगच्या स्क्रूंनी करा. पुढच्या रिंगने जागा बदलते, मागच्या रिंगने दिशा.

मग हेड स्वतःभोवती फिरवून पोलरायझरवर जुना कोन मिळवा. हे नंतरसाठी ठेवलं तर हेड फिरवताना बीम हलतो आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात.

स्क्रू बोटांनी आवळा, मग ॲलन की लावून अगदी थोडा पीळ द्या. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने.

सावधान: हेड आवळल्यावर पॉवर पडली तर स्क्रू जास्त घट्ट आहेत. नळीच्या दोन टोकांचे आरसे एकमेकांना अत्यंत अचूक समांतर असतात, आणि हेडवरचा दाब त्यांना वाकवतो. आवळताना मीटर लावूनच ठेवा.

नवं हेड जास्त जड असेल आणि टेबल हवेच्या पायांवर असेल तर आता टेबलाची पातळी बघा. कोपरा बोटाने हलकेच दाबून सोडा. टेबल डुलून शांत झालं तर ते तरंगतंय. धाप्पकन थांबलं तर एखादा पाय टेकलाय.

७. दोन आरशांची चाल

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, आणि ते अडकणं टाळता येतं. पाठ करण्यासारखं एकच वाक्य: पहिल्या आरशाने पहिली आयरिस, दुसऱ्या आरशाने दुसरी आयरिस.

लेझरजवळचा आरसा वळवला की बीम दुसऱ्या आरशावर सरकतो आणि त्यामुळे त्याच्या लगेच पुढच्या आयरिसवरची जागा बदलते. दुसरा आरसा वळवला की लगतच्या आयरिसवर फारसा फरक पडत नाही, पण लांबच्या आयरिसवर बराच पडतो. उलट केलंत तर दर फेरीला चूक वाढत जाते आणि काही वेळाने बीम आरशाच्या कडेवरून घसरतो.

(क) पहिली आयरिस १ मिमीवर मिटवा. पहिल्या आरशाचा फक्त आडवा नॉब फिरवून बीम मध्यावर आणा.
(ख) पहिली उघडा, दुसरी मिटवा. दुसऱ्या आरशाच्या आडव्या नॉबने मध्यावर आणा.
(ग) पुन्हा पहिली. थोडी सुटलेली असेल. परत आणा. असं पाच ते आठ वेळा.
(घ) आडवं पूर्ण जमलं की मगच उभा नॉब, त्याच क्रमाने.

आडवा आणि उभा एकत्र फिरवणं म्हणजे दोन गाठी एकाच वेळी सोडवायला घेणं.

नॉब किती फिरवायचा याचा अंदाज असू द्या. नेहमीच्या एक इंची माउंटमध्ये नॉबच्या एका पूर्ण फेऱ्याला आरसा साधारण ८ मिलिरेडियन वळतो. बीम त्याच्या दुप्पट, म्हणजे १६ मिलिरेडियन. १ मीटरवर तो १६ मिमी सरकतो. ३०० मिमीवरच्या आयरिसवर अर्ध्या मिमीची चूक घालवायला नॉबच्या फेऱ्याचा दहावा भागही पुरतो. पूर्ण फेरा फिरवावा लागतोय असं वाटलं तर लेझरच चुकीच्या जागी आहे. सहाव्या टप्प्यावर परत जा. शेवटची हालचाल नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करा, म्हणजे स्क्रूतला ढिलेपणा एकाच बाजूला राहतो.

तपासणी: दोन्ही आयरिस एकाच वेळी मिटवा. मागे धरलेल्या मीटरवर आकडा येतो ना? आता लेझरचा शेवटचा स्क्रू, मग आरशांचे लॉक आवळा, आणि पुन्हा बघा.

८. पिनहोल हाच खरा पंच

बहुतेक चुकीच्या मार्गदर्शनात इथे ‘पिनहोल काढून ठेवा, नंतर परत बसवा’ असं असतं. नवा सेटअप उभारताना ते ठीक. लेझर बदलताना पिनहोलला हातच लावायचा नाही. त्याच्यापुढच्या लेन्सला आणि इंटरफेरोमीटरला लेझर कुठे आहे हे माहीतच नसतं. त्यांच्या दृष्टीने प्रकाश पिनहोलच्या बिंदूतून निघतो. तो बिंदू जागचा हलला नाही तर पुढचं काहीच हललं नाही.

आयरिस लावून बीम जुळला की पिनहोलमधून थोडा तरी उजेड येतो. आयरिसची अचूकता फार तर ०.२ मिमी धरली तर ३५० मिमी अंतरावर कोनाची चूक ०.६ मिलिरेडियन उरते, आणि ऑब्जेक्टिव्हचं फोकल अंतर १६.५ मिमी असल्याने पिनहोलवर ठिपका जेमतेम १० मायक्रॉन सरकलेला असतो. ठिपका स्वतः १७ मायक्रॉनचा, भोक २५चं. म्हणजे दारापर्यंत पोचलेलं असतं, फक्त चौकट सापडायची आहे.

पिनहोलनंतर मीटर लावा आणि दुसऱ्या आरशाचे नॉब अगदी कणाकणाने फिरवून आकडा सर्वात जास्त करा. दहा अंशांचा पीळ म्हणजे पिनहोलवर ७ मायक्रॉन, एवढं नाजूक आहे हे. उजेड मुळीच येत नसेल तर दोन्ही आयरिस परत मिटवून सातवा टप्पा तपासा, पिनहोलचे स्क्रू नाही.

मग लेन्ससमोरचं जुनं कार्ड पुन्हा लावा. तेजस्वी गाभा जुन्या खुणेवर आहे? बीमचा कोन बरोबर आणि जागा चूक असेल तर पिनहोलमधून प्रकाश पूर्ण येतो, पण गाभा बाजूला पडतो: ऑब्जेक्टिव्हवर ०.२ मिमीची चूक लेन्सवर साडेतीन मिमी होऊन दिसते. अशा वेळी पहिला आरसा थोडा, मग दुसऱ्याने पिनहोलचा आकडा परत, पुन्हा पहिला. इथे दोन आयरिसची जागा पिनहोल आणि कार्डाने घेतली, एवढाच फरक, चाल तीच.

फिल्टरचा एकच नॉब फिरवायची मुभा आहे: ऑब्जेक्टिव्ह पुढेमागे करणारा. नव्या लेझरचा बीम किंचित वेगळा पसरत असल्याने फोकस किंचित सरकतो. वर्तुळात कडी दिसत असतील तर हा नॉब थोडा फिरवून ती घालवा.

सावधान: ऑब्जेक्टिव्ह पिनहोलकडे नेताना बाजूने बघत राहा. टेकला तर धातूचा पातळ पडदा वाकतो, आणि मग पिनहोल बदलणं, म्हणजे अख्खा सेटअप नव्याने लावणं आलं.

नव्या लेझरचा बीम जुन्यापेक्षा बारीक असेल तर फोकसचा ठिपका मोठा होतो. ०.८ मिमीऐवजी ०.६३ मिमीचा बीम आला तर ठिपका १७वरून २१ मायक्रॉनवर जातो. २५च्या पिनहोलमधून थोडी पॉवर कमी येईल, तेवढी सोसा. मोठ्या पिनहोलच्या मोहात पडू नका.

९. परत लेझरमध्ये शिरणारा प्रकाश

इंटरफेरोमीटरच्या आरशांवरून परत आलेला बीम थेट लेझरच्या तोंडात शिरला तर पॉवर नाचते आणि फ्रिंज थरथरतात. ओळख सोपी: दोन्ही फांद्या कार्डाने अडवा. मीटर स्थिर झाला आणि कार्ड काढताच पुन्हा नाचू लागला, तर हेच कारण. परतीचा ठिपका लेझरच्या तोंडापासून १-२ मिमी बाजूला पडेल एवढी सूक्ष्म तिरपाई पुरते. जुन्या सेटअपमध्ये ती बहुधा आधीच दिलेली असते. जुनी रेषा तंतोतंत जुळली असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

१०. फ्रिंज आणि रात्रभराची कसोटी

मास्टर फ्लॅट लावा. फोटो काढा, जुन्याशेजारी ठेवा. फ्रिंजची संख्या एक-दोनने कमी-जास्त असू शकते, कारण तापमान. पण त्या आधी सरळ होत्या आणि आता वाकल्या असतील तर कोलिमेशन बिघडलं आहे. शिअर प्लेट (किरण समांतर आहेत का ते दाखवणारी काच) लावून तपासा. लेन्स हलवण्याआधी पिनहोलला कुणी हात लावला होता का, ते विचारा.

चारही ठिकाणची पॉवर मोजून प्रमाणं जुन्या नोंदीशी ताडून बघा. ती साधारण १० टक्क्यांच्या आत हवीत. पिनहोलचं प्रमाण घसरलं असेल तर आठवा टप्पा, नुसत्या फांद्यांमधलं प्रमाण बदललं असेल तर ध्रुवण.

आवरण परत लावा आणि लेझर रात्रभर चालू ठेवा. एसीचा झोत लेझरवर नाही ना, ते बघा. थंड वाऱ्याने हेडची एक बाजू आकसते आणि बीम हळूहळू डुलतो. सकाळी आयरिस मिटवून बघा. लॅब ट्रान्स-हार्बरच्या रुळांजवळ असेल तर गाडी जाताना फ्रिंज थरथरणारच. गाडी गेल्यावरही थरथर रेंगाळली तर एखादी पोस्ट सैल आहे.

वीज गेली आणि एसी बंद पडला तर घुसमट झाली म्हणून दार उघडायचा मोह होतो. पावसाळ्यात ते करू नका. २७ अंशांच्या दवबिंदूची हवा २२ अंशांच्या आरशांवर आली की त्यांना घाम फुटतो, आणि वाळल्यावर डाग राहतात.

लेझर पाण्याने थंड होणारा, मोठ्या पॉवरचा असेल तर हाच नियम अधिक कडक. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) २० अंशांवर ठेवलाय आणि शनिवार-रविवार एसी बंद केला, तर २८ अंश आणि ८० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू २४ असतो. पाणी थेट हेडच्या आत साचतं. सोमवारी सुरू करताना आधी एसी, काही तासांनी चिलर, मग लेझर. बंद करताना बरोबर उलट.

वहीत नव्या लेझरचा क्रमांक, करंट, चार पॉवर, ध्रुवणाचा कोन आणि मीटरवर लावलेली तरंगलांबी लिहा. दोन्ही आयरिस उघड्या करून जागेवरच राहू द्या, कॉलरसकट. पुढच्या वेळी पंचनाम्याचा निम्मा वेळ वाचतो. जुना लेझर अजून दिसण्याइतका पेटत असेल तर त्यावर ‘मंद, फक्त अलाइनमेंटसाठी’ अशी चिठ्ठी लावून, नव्याच्या खोक्यात, सुक्या सिलिका जेलसकट ठेवा. पेटतच नसेल तर नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे द्या; नळी काचेची आहे, भंगारात टाकू नका.